छायाचित्र जपले, पान फेकले: सचित्र साप्ताहिके आणि आपली एक चुकीची समजूत

१/
दरवर्षी १५ ऑगस्ट जवळ आला की एक छायाचित्र समाजमाध्यमांवर पुन्हा फिरू लागते. पुस्तकांच्या दोन ढिगांमध्ये डोक्याला हात लावून बसलेला एक माणूस; एका ढिगापाशी ‘इंडिया’ आणि दुसऱ्यापाशी ‘पाकिस्तान’ अशी पाटी. ‘फाळणीत पुस्तकेही वाटली गेली’ अशी ओळ त्याखाली आपण लिहितो आणि पुढे पाठवतो. ‘लाइफ’ या अमेरिकी सचित्र साप्ताहिकाच्या ऑगस्ट १९४७ मधील अंकात डेव्हिड डग्लस डंकन यांचे हे चित्र प्रसिद्ध झाले. त्या ग्रंथालयाची अशी वाटणी प्रत्यक्षात झालीच नव्हती. चित्र मुद्दाम जुळवून काढलेले होते.

२/
हे कळल्यावर आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘म्हणजे हे बनावट.’ दुसरा म्हणतो, ‘असो, प्रतीक म्हणून खरेच आहे.’ माझ्या मते दोघेही चुकीच्या ठिकाणी पाहत आहेत. विचारायला हवे ते असे: हे चित्र कोणाला हवे होते आणि का? मालमत्तेची वाटणी तेव्हा समित्यांत, याद्यांत आणि फायलींत चालली होती. फायलीचे चित्र होत नाही. एका दृष्टिक्षेपात कळेल असे दृश्य साप्ताहिकाला हवे होते, म्हणून तसे दृश्य उभे केले गेले. ते चित्र कॅमेऱ्यात उमटण्यापूर्वी पानाच्या गरजेतून जन्मले, असे माझे अनुमान आहे.

३/
या धाग्यात एकच गोष्ट मांडायची आहे. आज ज्याला आपण आधुनिक छायाचित्रण म्हणतो, ते लहान कॅमेऱ्याने किंवा एकट्यादुकट्या प्रतिभावंताने घडवले नाही. ते सचित्र साप्ताहिकाच्या पानाने घडवले. संपादक, मांडणीकार, चित्रसंस्था, छापखाना आणि दर आठवड्याला पैसे मोजून अंक घेणारा वाचक या सर्वांचा त्यात हात आहे. म्हणून पानावरून चित्र कापून काढणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभणारे काम नाही. त्याने पुराव्याचा निम्मा भाग नष्ट होतो.

४/
हे लिहिण्याला एक निमित्त घडले. एका ग्रंथालयात जुन्या सचित्र साप्ताहिकांचे बांधीव खंड चाळत असताना मला सांगण्यात आले की हे खंड लवकरच रद्दीत जाणार आहेत. ‘महत्त्वाचे फोटो स्कॅन करून घेतलेत. बाकी जाहिराती आणि मजकूरच आहे, त्यात काय पाहायचे?’ बोलणाऱ्याच्या मनात अनास्था नव्हती. त्याने फक्त आपल्या पाठ्यपुस्तकांनी, प्रदर्शनांनी आणि आपल्यासारख्या धागे लिहिणाऱ्यांनी शिकवलेलेच उच्चारले. मला उत्तर द्यायचे आहे ते त्या शिकवणुकीला.

५/
ती शिकवण थोडक्यात अशी: १९२५ साली लायपझिगच्या जत्रेत लायका कॅमेरा आला, कॅमेरा लहान झाला, छायाचित्रकार मोकळा झाला, मग कापा, कार्तिए-ब्रेसाँ असे महापुरुष रस्त्यावर उतरले आणि त्यांनी ‘निर्णायक क्षण’ टिपले. साप्ताहिके ही केवळ हमाली करणारी. चित्र इकडून उचलायचे आणि वाचकाकडे पोचवायचे. कथा सुटसुटीत आहे, पण कालक्रमाच्या कसोटीवर ती टिकत नाही. क्रमाने पाहू.

६/
आधी छापखाना. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ १८४२ साली निघाले, तेव्हा छायाचित्र थेट छापण्याची सोयच नव्हती. रॉजर फेंटन १८५५ साली क्रिमियन युद्धावर गेला आणि छायाचित्रे घेऊन परतला. साप्ताहिकाच्या वाचकाने मात्र पाहिली ती लाकडी ठशावर कोरलेली त्यांची नक्कल. कोरणारा कारागीर एखादी आकृती वाढवी, एखादी गाळी. म्हणजे छायाचित्रकला अस्तित्वात होती, युद्धात जाणारा छायाचित्रकारही होता. तरीही ज्याला आपण वृत्तछायाचित्रण म्हणतो ते नव्हते. कमतरता कॅमेऱ्यात नव्हती, पानात होती.

७/
४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ या दैनिकाने झोपडवस्तीचे एक छायाचित्र हाफटोन पद्धतीने छापले. हाफटोन म्हणजे चित्र बारीक जाळीतून पाहून त्याचे लहानमोठे ठिपके करणे. ठिपके दाट तिथे सावली, विरळ तिथे उजेड. वर्तमानपत्र हातात घेऊन भिंग लावा, ते ठिपके आजही दिसतील. या जाळीमुळे अक्षरे आणि छायाचित्र एकाच पानावर, एकाच यंत्रावर छापता येऊ लागले. पुढे ग्राव्ह्युअर छपाईने गडद, मखमली छटा लाखो प्रतींत उतरवल्या. आता अडचण वेगळी उभी राहिली: चित्रे छापता येतात, पण कोणती छापायची आणि कशी लावायची?

८/
याचे उत्तर बर्लिनमध्ये घडले. ‘बर्लिनर इलुस्ट्रिर्टे त्साइटुंग’ हे उल्श्टाइन प्रकाशनाचे साप्ताहिक. १९३० च्या सुमारास त्याचा खप २० लाखांच्या जवळ पोचला होता. त्याचे संपादक कुर्ट कोर्फ यांनी आपले धोरण १९२७ साली उघडपणे सांगून टाकले: बातमी किती महत्त्वाची आहे यावर निवड होणार नाही, चित्र किती खेचून घेते यावर होईल. हे धोरण चांगले की वाईट यावर वाद होऊ शकतो. पण त्या दिवसापासून छायाचित्रकाराला काय शोधायचे ते संपादकाने सांगितले, हे नाकारता येत नाही. १५ ऑगस्टच्या त्या चित्राचे मूळ मला इथे दिसते.

९/
‘पण लायका नसता तर?’ या प्रश्नाला एरिश सॉलोमन हे उत्तर आहे. परिषदांत, न्यायालयांत, मंत्र्यांच्या मेजवान्यांत कोणाच्या नकळत छायाचित्रे काढणारा हा माणूस १९२८ पासून गाजू लागला. त्याच्या हाती लायका नव्हता. एर्मानॉक्स होता, काचेच्या पट्ट्या वापरणारा, एका वेळी एकच चित्र घेणारा. त्याचे भिंग मंद प्रकाशातही काम करी, एवढे खरे. पण हा सॉलोमन आला कुठून? उल्श्टाइनच्याच जाहिरात विभागातून. साप्ताहिकाला काय विकले जाते हे तो आतून जाणत होता. बाजारपेठ आधी तयार होती. लायकाने नंतर तिचे काम सोपे केले.

१०/
म्युनिकमध्ये स्टेफान लोरांट हा हंगेरियन तरुण ‘म्युन्शनर इलुस्ट्रिर्टे प्रेसे’ चालवत होता. त्याआधी साप्ताहिकात चित्रे सहसा सुटी सुटी येत: इथे एक राजा, तिथे एक पूर. लोरांटने समोरासमोरची दोन पाने एकच फळा मानली. एक चित्र मोठे, भोवती लहान. एक दुरून, एक जवळून. नजर कुठून कुठे जावी हे ठरवलेले. १९३१ साली फेलिक्स मान यांनी टिपलेला मुसोलिनीचा एक दिवस त्याने असाच मांडला. छायाचित्रांतून गोष्ट सांगता येते हा शोध मांडणीच्या टेबलावर लागला.

११/
या गोष्टीला माल पुरवायला चित्रसंस्था उभ्या राहिल्या. बर्लिनची ‘देफोट’ ही त्यांतली एक. सिमोन गुटमान तिचा सूत्रधार. ती एकेकटे चित्र विकण्याऐवजी विषय ठरवून संपूर्ण मालिका विके. तिच्या डार्करूममध्ये एंड्रे फ्रीडमान नावाचा एक निर्वासित मुलगा काम करी. नोव्हेंबर १९३२ मध्ये त्याला कोपनहेगनला ट्रॉट्स्कीच्या भाषणाला पाठवले गेले आणि त्याची चित्रे बर्लिनच्या सचित्र साप्ताहिकात झळकली. हाच पुढे रॉबर्ट कापा झाला. ज्याला आपण एकटा वीर म्हणून पूजतो, त्याची शाळा म्हणजे संस्था, संपादक आणि अंकाची मुदत.

१२/
हे रूप कोणत्याही एका पक्षाचे नव्हते. विली म्युन्झेनबेर्ग यांचे कम्युनिस्ट साप्ताहिक ‘आर्बाइटर इलुस्ट्रिर्टे त्साइटुंग’ तीच युक्ती वापरत होते. १९३१ साली त्यात मॉस्कोच्या फिलिपोव्ह या कामगार कुटुंबाचे चोवीस तास छापले गेले: जेवण, ट्राम, कारखाना, खरेदी. आजच्या ‘एका दिवसाची गोष्ट’ या लाडक्या प्रकाराचा साचा तो हाच. जॉन हार्टफिल्डने त्याच साप्ताहिकात चित्रे कापून, चिकटवून हिटलरची टर उडवली. म्हणजे त्या काळच्या वाचकाला चित्र रचले जाते हे ठाऊक होते. भाबडे आपण आहोत.

१३/
१९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि हे जग उधळले गेले. लोरांट सहा महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात राहिला. सुटल्यावर लंडनला पोचला आणि १९३८ साली ‘पिक्चर पोस्ट’ त्याने उभे केले. कोर्फ न्यूयॉर्कला गेले. हेन्री ल्यूस यांच्या नव्या साप्ताहिकाच्या तयारीत त्यांनी सल्ला दिला. त्यांचे उल्श्टाइनमधील सहकारी कुर्ट साफ्रान्स्की यांनी तिथेच ‘ब्लॅक स्टार’ ही चित्रसंस्था भागीदारीत काढली. सॉलोमन मात्र वाचू शकला नाही. १९४४ साली औशवित्झला त्याचा अंत झाला. लंडन आणि न्यूयॉर्कचे छायाचित्रण वाढले ते या परागंदा माणसांच्या हातांनी, आणि त्यांतले कित्येक जण कॅमेरा चालवणारे नव्हते. म्हणूनच ती नावे आपल्या धाग्यांत येत नाहीत.

१४/
आता कापलेल्या पानाचे सर्वांत बोलके उदाहरण. कापाचा ‘कोसळणारा सैनिक’ सर्वांना माहीत आहे: स्पेनचे यादवी युद्ध, पांढरा शर्ट, मागे फेकलेला हात, सुटू लागलेली बंदूक. हे चित्र प्रथम छापले गेले २३ सप्टेंबर १९३६ रोजी, ल्युसियाँ व्होजेल यांच्या ‘व्ह्यू’ या पॅरिसच्या साप्ताहिकात. एका पानावर ‘ते कसे कोसळले’, समोरच्या पानावर ‘ते कसे पळाले’ अशा मथळ्याखाली निर्वासित. खाली काव्यमय मजकूर. त्यात जागेचे नाव नाही, त्या माणसाचेही नाही.

१५/
आणि ‘व्ह्यू’च्या त्या पानावर कोसळणारा सैनिक एक नाही, दोन आहेत. दोन वेगळी माणसे, उतार तोच, गवत तेच, आकाश तेच, कॅमेरा जवळपास त्याच जागी. एकाच ठिकाणी, एकाच चौकटीत, दोघे जण गोळी लागून पडतात आणि छायाचित्रकार दोन्ही वेळा सज्ज असतो, हे कसे? हे चित्र खरे की घडवलेले, या दीर्घ वादातला एक महत्त्वाचा धागा इथून निघतो. तो पुरावा १९३६ पासून छापील पानावर होता. आपण एक चित्र उचलले, दुसरे टाकून दिले, आणि मग अनेक वर्षे कोड्यात पडलो.

१६/
पुढचा टप्पा पाहा. १२ जुलै १९३७ रोजी ‘लाइफ’ने तेच चित्र छापले. आता दुसरा सैनिक गायब, निर्वासित गायब. आणि ओळीत ठाम विधान: कोर्दोबासमोर डोक्यात गोळी लागून पडतानाचा क्षण. चित्र तेच, ओळ बदलली आणि अर्थ बदलला. पुढे २००९ साली स्पॅनिश संशोधक होसे मानुएल सुस्पेर्रेगी यांनी मागच्या टेकड्यांची रेषा जुळवून दाखवले की जागा एस्पेहो गावाजवळची असावी, कथेतल्या सेर्रो मुरियानोची नव्हे. आपण ज्या ‘सत्या’वर प्रेम केले त्यातले बरेचसे चित्रात नव्हतेच, ओळीत होते.

१७/
या कथेतली आणखी एक काटछाट. ‘रॉबर्ट कापा’ हे नावच १९३६ साली दोघांनी मिळून रचले: एंड्रे फ्रीडमान आणि गेर्डा टारो. साप्ताहिकांनी चांगला भाव द्यावा म्हणून रचलेले ते व्यापारी नाव. टारोची कित्येक चित्रे आधी त्याच नावाखाली गेली. जुलै १९३७ मध्ये ब्रुनेतेच्या लढाईत ती मेली. २००७ साली कापा, टारो आणि डेव्हिड सेमूर यांच्या सुमारे ४,५०० निगेटिव्ह असलेल्या पेट्या मेक्सिकोतून पुढे आल्या, तेव्हा कुठे तिचे काम नीट वेगळे होऊ लागले. एकट्या प्रतिभावंताची कथा सांगताना कोणाचे तरी नाव पुसले जातेच. इथे ते एका तरुण स्त्रीचे होते.

१८/
‘लाइफ’चा पहिला अंक २३ नोव्हेंबर १९३६ रोजी निघाला, किंमत १० सेंट, मुखपृष्ठावर मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी टिपलेले फोर्ट पेक धरणाचे बांधकाम. याच बर्क-व्हाइट १९४६ साली भारतात आल्या. गांधीजींचे चित्र काढण्यापूर्वी त्यांना सूत कातायला शिकावे लागले. पुढे चरखा आणि मागे वाचत बसलेले गांधीजी, हे आपल्या कार्यालयांत, पुस्तकांत, भाषणांच्या फलकांवर दिसणारे चित्र तेव्हाचे. ते पाहताना आपल्याला वाटते, प्रसिद्ध झाले त्या दिवशीच ते अजरामर झाले असेल.

१९/
तसे घडले नाही. भारतीय नेत्यांवरील ज्या लेखासाठी ते काढले, त्यात ‘लाइफ’ने ते घेतलेच नाही. नंतर गांधीजींच्या निसर्गोपचारांवरील मजकुरासोबत ते लहान आकारात आले. ३० जानेवारी १९४८ नंतर, श्रद्धांजलीच्या पानांवर, ते मोठे झाले. निगेटिव्ह तीच होती. मग ते ‘प्रतिमा’ कधी बनले? चरख्यापाशी की संपादकाच्या टेबलावर? माझे उत्तर: हत्येनंतरच्या त्या अंकात. त्या आधीच्या दोन निर्णयांची नोंद निगेटिव्हवर सापडणार नाही. ती फक्त जुन्या अंकांत सापडेल, म्हणजे नेमक्या त्या कागदात जो आपण रद्दीत घालतो.

२०/
इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो: ‘छायाचित्रकार तर साप्ताहिकांशी भांडत होते, मग त्यांना साप्ताहिकांनी घडवले कसे म्हणता?’ युजीन स्मिथ घ्या. २० सप्टेंबर १९४८ च्या ‘लाइफ’मध्ये त्याचा ‘कंट्री डॉक्टर’ आला. कोलोराडोतील क्रेमलिंग गावचे डॉक्टर अर्नेस्ट सेरियानी यांच्यामागे तो २३ दिवस फिरला होता. चित्रनिबंधाचा हा मानदंड. १९५४ साली आल्बर्ट श्वाइट्झर यांच्यावरील त्याच्या निबंधाची मांडणी त्याला पटली नाही आणि त्याने नोकरी सोडली. पण भांडण कशाबद्दल होते? पाने किती, क्रम कोणता, ओळ कोणाची. अर्थ पानावर ठरतो हे स्मिथला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते, म्हणून तो पानासाठी भांडला.

२१/
१९४७ साली कापा, कार्तिए-ब्रेसाँ, सेमूर आणि जॉर्ज रॉजर यांनी ‘मॅग्नम’ स्थापन केली, तीही याच कारणाने. निगेटिव्हचा हक्क छायाचित्रकाराकडे राहावा, एकच काम अनेक देशांच्या साप्ताहिकांना विकता यावे, ओळी मनमानी बदलू नयेत. हे साप्ताहिकांविरुद्धचे बंड म्हणून सांगितले जाते. मला ती साप्ताहिकांच्या बाजारात उभी राहिलेली छायाचित्रकारांची सहकारी पेढी वाटते. ज्यांच्याशी सौदा करायचा ती साप्ताहिकेच नसती, तर मॅग्नमला काम कसले उरले असते?

२२/
राहिला ‘निर्णायक क्षण’. कार्तिए-ब्रेसाँ यांना कॅमेऱ्याकडे खेचले ते मार्टिन मुंकाची यांच्या एका चित्राने, आफ्रिकेत लाटांकडे धावणाऱ्या तीन मुलांच्या पाठमोऱ्या आकृती. ते चित्र त्यांनी पाहिले छापील पानावर. आणि मुंकाची हे बर्लिनच्या साप्ताहिकांसाठी राबणारे छायाचित्रकार. ‘निर्णायक क्षण’ हे १९५२ च्या पुस्तकाचे इंग्रजी नाव. फ्रेंच नावाचा भाव ‘घाईत, चोरून टिपलेली चित्रे’ असा साधा आहे. त्यांनी टिपलेली गांधीजींची अंत्ययात्राही फेब्रुवारी १९४८ मध्ये ‘लाइफ’च्या वाचकांपुढे आली. क्षण त्यांचा खरा. त्या क्षणाला किंमत देणारे पान मात्र दुसऱ्यांचे होते.

२३/
मग हे पान आपल्या स्मृतीतून गेले कसे? संग्रहालयांच्या वाटेने. १९५५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात एडवर्ड स्टायकन यांनी ‘फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन मांडले: ६८ देश, ५०३ छायाचित्रे, त्यांतली कित्येक ‘लाइफ’च्या संग्रहातली. चित्रे भिंतीएवढी झाली. मूळ ओळी गेल्या, त्यांच्या जागी म्हणी आणि सुभाषिते आली. कोण उपाशी आहे आणि का, हे सांगणारा मजकूर गळाला. ‘मानवजात’ तेवढी उरली. आज आपण हाच उद्योग दहा सेकंदांत मोबाइलवर करतो: कडा कापा, ओळ पुसा, भावुक वाक्य चिकटवा.

२४/
आपल्या मुंबईतही याच प्रश्नांना हात घालावा लागतो. होमाई व्यारावाला यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले. मुंबईच्या ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ने त्यांची छायाचित्रे छापली. सुरुवातीच्या काळात ती त्यांचे पती माणेकशॉ यांच्या नावाने जात. आज त्यांना आपण देशाची पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून गौरवतो. २०११ साली पद्मविभूषणही मिळाले. पण चित्र कापून त्याखाली ‘होमाई’ लिहिले की न्याय झाला असे समजू नका. नाव कोणाचे छापले गेले, हे दाखवणारे पान हाच त्या अन्यायाचा पुरावा आहे. तो नष्ट करून आपण अन्याय करणाऱ्याचेच काम सोपे करतो.

२५/
दुसरे नाव सुनील जाना. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची त्यांची छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ या कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रात आली. पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांनीच त्यांना या कामाला ओढले होते. त्या चित्रांशेजारी धान्याच्या साठेबाजीवर, सरकारवर, मदतकार्यावर मजकूर असे. चित्र वाचकाला काहीतरी करायला सांगत होते. आज ती सुटी दिसतात, तेव्हा उरतात फक्त हाडे आणि हळहळ. राजकारण गळून पडते. वाचकहो, हे नुकसान लहान नाही.

२६/
एक गैरसमज होऊ नये. मी साप्ताहिकांची आरती ओवाळत नाही. त्यांनी जाहिरातदार सांभाळले, सत्ताधीश सांभाळले, दृश्ये उभी केली. १९५० साली कोरियात दक्षिणेच्या सरकारने राजकीय कैद्यांना कसे वागवले, याचा जेम्स कॅमेरॉन आणि बर्ट हार्डी यांचा वृत्तांत ‘पिक्चर पोस्ट’च्या मालकाने रोखला आणि संपादक टॉम हॉपकिन्सन यांना जावे लागले. पान पवित्र आहे म्हणून जपा, असे माझे म्हणणे नाही. पान कधी खोटे बोलते, कधी गप्प बसते. ते कसे, हे तपासण्यासाठी ते हाताशी असायला हवे.

२७/
‘वीकली’ १९९३ साली बंद पडले; ‘लाइफ’चे साप्ताहिक रूप १९७२ सालीच संपले होते. आता नवे अंक येणार नाहीत, जे आहेत ते विरत जाणार. म्हणून आपल्यापुरते तीन नियम करू. एक, जुने छायाचित्र टाकताना शक्य असेल तिथे अंकाचे नाव, तारीख आणि मूळ ओळ द्यायची. दोन, स्कॅन करायचे ते संपूर्ण पान. समोरचे पान आणि जाहिरातही त्यात आली. तीन, ओळ ठाऊक नसेल तर स्वतःची भावुक ओळ रचायची नाही. चित्राखाली रिकामी जागा राहिली तरी चालेल.

२८/
त्या ग्रंथालयात मी लेखी अर्ज दिला आहे: खंड रद्दीत घालू नका, जागाच नसेल तर विद्यापीठातील एखाद्या विभागाकडे द्या, तेही जमत नसेल तर आम्ही काही विद्यार्थी ते उचलून नेतो. निर्णय अजून झालेला नाही. तुमच्या घरी, आजोबांच्या माळ्यावर, गावच्या वाचनालयात असे जुने अंक असतील, तर कात्री लावण्यापूर्वी एकदा संपूर्ण पान पाहा. चित्राच्या डावीकडे काय आहे, खाली काय लिहिले आहे, छायाचित्रकाराचे नाव छापले आहे की नाही, हे वाचा. मतभेद असतील तर अवश्य मांडा. फक्त मांडताना अंक आणि तारीख सोबत आणा.